चार मध्यान्हरेषा

रिहे खोरं, ११ फेब्रुवारी

निरंजन,

हे पत्र आपल्या दोघांबद्दल नाही, असं पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे तू ते पुढे वाचशील. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याची सवय झाली. तुझा राजस्थानातला पत्ता किमयाकडून घेतला. आपली लेक आता आई आणि बाबा यांच्यामधल्या गेटवरची वॉचमन झाली आहे. "काम काय आहे ते सांग, मग देते," म्हणाली. मी म्हटलं, अंधारखोलीचं आहे. मग दिला.

तू बांधलेल्या अंधारखोलीचंच आहे. ठिपका लवकर येतो.

तू गेल्यावर शाळांच्या सहली थांबल्या, पण मी खोली बंद ठेवली नाही. जमेल त्या दुपारी जाते, दार लावून घेते आणि भिंतीला टेकून बसते. छताच्या भोकातून सूर्य आत येतो, फरशीवर लिंबाएवढा होतो आणि पश्चिमेकडून हलके हलके मध्यान्ह दाखवणाऱ्या तुझ्या पितळी पट्टीकडे सरकतो. आपण इथे राहायला आल्यापासून माणसांना दाखवायच्या निमित्तानेच मी ते पाहिलं होतं. एकटीने पाहायला वेगळं वाटतं. कुणीतरी भेटायला येतंय असं वाटतं.

दाराच्या आतल्या बाजूला तू रंगवलेला तक्ता अजून वाचता येतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य आपल्या खोऱ्याच्या माथ्यावर अर्ध्या तासाहून उशिरा येतो, आणि तोही महिन्यागणिक थोडा पुढेमागे. म्हणून आपल्या मध्यान्हाला घड्याळात किती वाजलेले असतील, ते तू महिन्यावार लिहून ठेवलंस. पहिल्या वर्षी ठिपका आणि तक्ता असे जुळायचे की तू पाहुण्यांना फोन खिशात ठेवायला सांगायचास. आता तक्त्याची वेळ व्हायच्या आधीच ठिपका पट्टी ओलांडून गेलेला असतो.

मी तुझी चूक काढत नाहीये. कृपा करून तसं वाचू नकोस. फक्त एवढं कळव: तू गेलास तेव्हा पट्टी बरोबर होती ना?

मी बरी आहे.

साधना


२ मार्च

निरंजन,

उत्तर आलं नाही. मीही वाट पाहिली नाही. पोस्टमन चांदे गावातून वर यायचा तेव्हा मी अंगणात असायचे, पण ते तुळशीला पाणी घालायला.

परवा अंधारखोली धुतली. घोटलेल्या चुन्याच्या फरशीवर वटवाघळांनी घाण केली होती. बादल्या ओतून खराट्याने घासली आणि दार उघडं टाकून पायरीवर बसले. पाणी सुकत आलं, फरशी पांढरी पडली, आणि पट्टीच्या शेजारी तीन ओल्या रेघा तेवढ्या राहिल्या. पट्टीला समांतर, सरळ, तुझ्या हाताच्या. आधी वाटलं खराट्याच्या असतील. मग गुडघ्यावर बसून बोट फिरवलं. भरलेल्या खाचा होत्या. नवा चुना जुन्यापेक्षा ओल जास्त धरतो, हे तूच मला शिकवलंस.

तू पट्टी तीनदा हलवलीस, निरंजन. उपटलीस, खाच बुजवलीस, घोटून सपाट केलीस, शेजारी नवी खाच पाडलीस. मला एकदाही सांगितलं नाहीस. मी घरात भात वाढून "चल, निवतंय" म्हणून हाका मारत होते, तेव्हा तू तिथे हे करत होतास का?

रागावले नाही. तुझ्याबरोबर एकाच ताटात जेवणाऱ्या बाईला हे ओल्या फरशीवरून कळावं, याचं थोडं वाईट वाटलं.

साधना


२९ मार्च

निरंजन,

आता मी जे लिहिणार आहे ते सावकाश वाच. मला ते समजायला महिना लागला.

तिन्ही जुन्या रेघा पट्टीच्या एकाच बाजूला आहेत, डोंगराच्या. म्हणजे दर वेळी तुला पट्टी खोऱ्याच्या बाजूला न्यावी लागली, आणि आज ठिपका पुन्हा तिकडेच निघाला आहे. तुझा हात चुकला असता तर एक रेघ इकडे गेली असती, एक तिकडे. हात असा एकाच दिशेने चुकत नाही. छताचं भोकच खोऱ्याकडे कलतंय. खोली कलते आहे, आणि हे बरीच वर्षं चाललं आहे.

तू ओळंबा सोडून पाहिलाच असशील. खोली कलली हे तुला माझ्या आधी कळलं असेल. आणि तू काय ठरवलंस तेही मला आता दिसतं. पाया कच्चा राहिला, आपलं बांधकाम वाईट, आपल्याला एक यंत्र धड करता आलं नाही. मग गुपचूप पट्टी हलवली. सूर्याशी जुळवून घेतलं आणि पाहुण्यांना म्हणालास, हे कधी चुकत नाही.

तो शेवटचा दिवस आठवतो ना? पुण्याहून आलेले ते प्राध्यापक, पिरंगुटच्या शाळेची मुलं. मुलांनी दहापासून उलटी मोजणी सुरू केली आणि ठिपका आधीच पट्टीपलीकडे गेला होता. ती बिचारी शून्यापर्यंत मोजत राहिली. गावातले विठ्ठलराव दारातून म्हणाले, "सर, सूर्य आज घाईत हाय वाटतं." सगळे हसले. तूही हसलास. महिन्याभरात तू तिकडच्या जुन्या वेधशाळांच्या दुरुस्तीचं काम घेतलंस. मला वाटत राहिलं की तू माझ्यापासून गेलास. बरेच दिवस मी ते दुखणं सांभाळलं.

आता ऐक. पाया घेतला तेव्हा तू संध्याकाळी मातीच्या हातांनी घरी आलास आणि म्हणालास, "कातळ लागला. आता शंभर वर्षं हलत नाही." ते खरं असेल तर खोली हलत नाहीये. कातळ हलतोय.

वर सड्यावर, माथ्याच्या सपाटीवर, प्लॉटच्या रस्त्यासाठी डोंगर कापला आहे. काल मी तिथे गेले. कापाच्या मागे गवतात एक भेग आहे, हात आत जाईल एवढी, आणि ती आपल्या उताराला आडवी लांबवर जाते. खालच्या वाडीचा झरा या उन्हाळ्यात गढूळ आहे. पाऊस नसताना.

अंधारखोलीच्या बरोबर खाली अनुसयाचं घर आहे, आणि त्याला लागून बाकीची वाडी. आपलं घर डोंगराच्या बाजूच्या सोंडेवर आहे. आपल्याला काही होणार नाही.

तू वाईट कारागीर नाहीस. तुझं यंत्र इतकं चांगलं होतं की त्याने डोंगराची चाल टिपली, आणि तू त्यालाच खोटं ठरवलंस. हे तुला आनंदाने कळवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

साधना


१६ एप्रिल

निरंजन,

वाडीतल्या जयंतीला गेले होते. विहारावर निळ्या माळा सोडल्या होत्या. जेवण झाल्यावर अनुसयाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "ताई, डोंगराला कुटं जायाचंय? त्याचं काय काम अडलंय खाली?"

मी म्हटलं, पावसाआधी तुम्ही सगळे समाजमंदिरात राहायला जा, नाहीतर शाळेत.

"आन परत?"

"परत काय?"

"परत यायला घर ऱ्हाईल का? वरची जिमीन गेली, खालची गेली. प्लॉटवाल्याचा मानूस दर म्हैन्याला येतो, मावशी, बऱ्या हाय ना म्हनून मला इचारतो. आमी हितनं उठलो की दुसऱ्या दिवशी तारेचं कंपाउंड पडंल. माझा आजा धरणाच्या पान्यातनं उठून हितं आला. त्याला पन कुनीतरी कागद दावला व्हता, तात्पुरतं उठा म्हनून."

ती हसली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पैले सरांना घरी आना. मग डोंगराचं बघू."

तिच्या नवऱ्याला, दामूला विचारलं, पाया तूच खणलास ना, खाली काय लागलं होतं? तो म्हणाला, "लई पाये खांदले म्या. कातळ का मुरूम, आता कुनाचं काय ध्यानात ऱ्हातंय, ताई."

मी तालुक्याला अर्ज दिला होता. तिथले साहेब येऊन गेले. भला माणूस. भेग पाहिली, खोलीत बसून ठिपका पाहिला, तीन रेघांवर पाणी मारून त्याही पाहिल्या. म्हणाले, "मॅडम, आज किती कललंय ते मी मोजू शकतो. गेल्या काही वर्षांत किती आणि कसं कललं, ते माझ्याकडचं कोणतंही मशीन आज सांगणार नाही. ते फक्त या फरशीत आहे. ज्यांनी या रेघा पाडल्या त्यांच्या सहीचं आणा. कोणती रेघ कधीची, आणि पाया कशावर. मी पावसाआधी वस्ती हलवायचा प्रस्ताव घालतो. सरकारी आदेश असला तर त्यांची जागा त्यांच्याच नावावर राहते."

अनुसयाला हेच हवं होतं, निरंजन. तिची जागा तिची राहील, असं लिहिलेलं. आणि ते फक्त तुझ्या सहीने होणार आहे. पानभर नको, चार ओळी पुरतील. किमयाला मेल केलीस तरी चालेल. ती हिंजवडीहून प्रिंट काढून आणेल.

मी तुला परत ये म्हणत नाहीये. तसं मी म्हणणार नाही, हे तुला माहीत आहे. सही कर.

साधना


१२ मे

निरंजन,

किमया म्हणते, बाबांनी पत्रं वाचली आहेत. तिने विचारल्यावर तू बराच वेळ गप्प राहिलास आणि मग तिकडच्या उन्हाळ्याबद्दल बोललास. तुझं गप्प राहणं मला ठाऊक आहे. त्यात तू स्वतःला झोडपत असतोस, आणि समोरच्याला वाटतं की आपल्याला.

तू लिहीत नाहीस म्हणून मी पायाच उघडून पाहिला. अनुसया टिकाव घेऊन आली. "सरांचं घड्याळ पाडायला कवाधरनं हात शिवशिवतायत," म्हणाली. ती खणत होती आणि मी घमेलं ओतत होते. खोलीच्या खालच्या कोपऱ्याला मुरूम लागला, मग आणखी मुरूम, आणि मग टिकाव खणकन वाजला. काळा, सलग, ओला कातळ. तुझं चिरेबंदी बांधकाम त्यावर असं बसलं होतं की मध्ये सुरीचं पातं गेलं नसतं. मी हात फिरवला. इतकं सुंदर काम कुणाला दिसणार नाही अशा जागी तू केलंस.

अनुसयाने खड्ड्यात वाकून पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता विचारलं, "म्हंजी सरांचं बराबर व्हतं?"

"हो."

"मग ते तसं म्हनत का न्हाईत?"

विठ्ठलराव संध्याकाळी बघायला आले. वरचा सडा त्यांचाच होता, आता प्लॉटवाल्यांचा. ते वाईट नाहीत. घाबरलेले आहेत. त्यांनी पायाने कातळ दाबून पाहिला, जसा काही तो दबणार होता. "मॅडम, मोठा धोंडा असंल. आख्खा डोंगर धोंड्यांचाच हाय. हा एक हलला असंल म्हनून काय डोंगर हलतो? सरांनी सांगावं. सर म्हनले सलग कातळ, तर मी सोता वाडीचं सामान ट्रॅक्टरात भरतो."

सगळ्यांनी तुझ्यावरच सोडलं आहे. तुझ्यावर इतके लोक विश्वास ठेवतात, हे तू इथे असताना तुला का जाणवलं नाही, कुणास ठाऊक.

साधना


४ जून

निरंजन,

तुझा आवाज ऐकला.

सकाळी अनुसयाकडे गेले तर दामू दारात फोन कानाला लावून उभा होता. मला बघून त्याने तो माझ्याकडे केला. विठ्ठलरावांनी तुझ्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग वाडीच्या ग्रुपवर टाकलं होतं. मी फोन कानाला लावला. खूप दिवसांनी तू माझ्या कानात बोलत होतास. पहिल्यांदा मी शब्द ऐकलेच नाहीत. तू थोडा खोकत होतास. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा शब्द कळले.

"विठ्ठलराव, साधनाचं मनावर घेऊ नका. कातळ सगळीकडे नव्हता. एका बाजूला मी भराव घेतला. पाया माझाच कच्चा राहिला, आणि रेघाही माझ्याच चुकल्या. डोंगराचा काही दोष नाही. लोकांना उगाच घरं सोडायला लावू नका."

शेवटी तू म्हणालास, "चूक माझी आहे, ती माझ्यापाशीच राहू द्या."

विठ्ठलराव सगळ्यांना सांगत होते, "असं कबूल करायला काळीज लागतं. मोठा मानूस." वाडीत सगळ्यांचे चेहरे सैल झाले होते. पोरं खेळत होती. कुणीतरी मला चहा दिला, आजारी माणसाला देतात तसा.

मला आधी वाटलं तू खोटं बोललास. प्लॉटवाल्यांनी तुला गाठलं असेल, असंही मनात आलं. त्याची माफी मागते. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की तू प्रामाणिकपणे बोलतो आहेस. तुला खरंच आठवतो तो भराव. इतकी वर्षं तू स्वतःला दोषी धरलंस की त्या दोषाला साजेसा पाया तू मनात बांधून टाकलास. मी दुसरा कोपराही खणला, एकटीने. तिथेही कातळ आहे. कुणी बघायला आलं नाही. ज्याने बांधलं तोच नाही म्हणतोय, तर बायको खणून काय काढणार.

तालुक्याच्या साहेबांचाही फोन आला. "मॅडम, बनवणाराच यंत्र चुकीचं म्हणतो. मी काय लिहू?"

तुझ्यावर चिडता आलं तर बरं होईल. जमत नाही. खोकल्याचं काहीतरी बघ.

साधना


२१ जून

निरंजन,

पाऊस लागून आठवडा होऊन गेला. अंधारखोलीत आता ठिपका येत नाही. एखाद्या दुपारी कधी ढग फाटतो, तेव्हा धावत जावं तर पोचेपर्यंत मिटलेला असतो. ज्या महिन्यांत खोलीला काही सांगायचं असेल, नेमक्या त्याच महिन्यांत ती आंधळी असते. तुला हे कधी सुचलं होतं का? आपल्या देशातल्या जुन्या माणसांनी इतकी नेमकी यंत्रं बांधली, आणि पावसाळ्याचे चार महिने ती नुसती भिजत उभी राहिली.

पाऊस लागायच्या आदल्या दुपारी शेवटचा ठिपका पाहिला होता. पट्टी ओलांडून तो बराच पुढे गेला होता. तिथे मी पेन्सिलने खूण केली आहे. पट्टी हलवली नाही.

वरच्या भेगेत आता पाणी मुरतं. मी आणि किमयाने शनिवारी तिच्यावर प्लॅस्टिक अंथरलं, कडेला दगड ठेवले. ती रडायला लागली. "आई, आपण काय करतोय? डोंगराला ताडपत्री घालतोय?" मी हसले आणि ती अजून रडली. मी तिला परत पाठवलं. कॅबवाल्याला सांगितलं, रस्त्यावर पाणी दिसलं की थांब.

त्याच संध्याकाळी दोन लुगडी, स्वयंपाकाचे डबे आणि टॉर्च घेऊन मी अनुसयाकडे राहायला आले. ती चुलीपाशी होती. वर न बघता म्हणाली, "मरायला आलाय का आमच्यात?"

"भात लावायला आलेय."

"येतो का लावता?"

"नाही."

"मग भाकऱ्या थापा. त्या तरी येत्यात का?"

त्याही मला गोल येत नाहीत, तुला माहीत आहे. दामू खातो आणि म्हणतो, चव गोलाला नसती. भिंतीपाशी त्यांनी मला जागा करून दिली आहे. झऱ्याचं पाणी चुलीवर उकळून पितो, तळाला लाल माती बसते. दार काल घासत होतं, आज उघडायला खांदा लावावा लागला. दामूने चौकट तासली आणि दार पुन्हा नीट लागायला लागलं. मी त्याच्या हातातला तो रंधा बघत राहिले आणि तू दिसत राहिलास.

या लोकांना घेऊन बाहेर पडता आलं नाही, म्हणून आत येऊन बसले आहे. यात शहाणपण नाही, ते मला कळतं. काही आवाज आला तर मी आधी उठेन, एवढंच. बाकीचे निवांत झोपतात. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.

आता सही पाठवू नकोस. साहेबांची बदली झाली आणि रस्ताही दोन ठिकाणी बंद आहे. तू बरोबर होतास, हे सगळ्यांना पटेल अशी एकच गोष्ट आता उरली आहे. ती घडू नये म्हणून मी रोज संध्याकाळी अनुसयाशेजारी बसून हात जोडते आणि तू चुकलेला असावास असं मागते. आयुष्यात पहिल्यांदा मागते. हात कातळावरून फिरवला नसता तर कदाचित मनापासून मागता आलं असतं.

पोस्टमनला वाडी माहीत आहे.

साधना
अनुसया आणि दामू यांचं घर, खालची वाडी, रिहे खोरं